नंबर दिल्याशिवाय गाडी सुटत नाही

ज्यांच्या हातात नुकताच एक रिपोर्ट पडला आहे आणि त्यातला एकही शब्द कळत नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. बाकीच्यांनी वाचलं तरी माझी हरकत नाही.

माझं नाव वनिता. बडनेऱ्याहून अकोल्याकडे जाणाऱ्या लाइनीवर एक फाटक आहे, तिथं मी गेटकीपर आहे. लोकांना वाटतं, गेटवाली म्हणजे सावलीत बसून पगार घेणारी बाई. माझं काम समजल्याशिवाय माझं आजारपण समजणार नाही, म्हणून ते आधी सांगते.

गेटवरचा फोन वाजतो. पलीकडून स्टेशन मास्तर सांगतात की अमुक गाडी येते आहे, गेट बंद करा. मी "हो" म्हणत नाही. मी त्यांचं वाक्य जसंच्या तसं परत म्हणून दाखवते. मग हँडल धरून चाक फिरवते, दोन्ही बाजूचे दांडे खाली येतात, कुलूप घालते आणि फोनवर सांगते, "गेट बंद. प्रायव्हेट नंबर चार-सात, सत्तेचाळीस." हे नंबर माझ्याजवळच्या छापील कागदावर असतात, मास्तरांना ते माहीत नसतात. त्यामुळे नंबर ऐकला की त्यांची खात्री होते, सांगितलेलं गेटवर पोचलं आणि झालंही. ते नंबर परत म्हणतात, लिहून घेतात. मी माझ्या कागदावरचा सत्तेचाळीस खोडते. मगच सिग्नल होतो.

"हो हो, समजलं" या उत्तराला आमच्याकडे काही किंमत नाही. नुसतं समजलं म्हणून मोकळी झालेली माणसं रुळावर मेलेली आहेत.

कॉशन

आंघोळ करताना उजव्या बाजूला हरभऱ्याएवढी गाठ लागली. कुठल्या उजव्या बाजूला, ते आता मी सरळ लिहिते, उजव्या स्तनात. तेव्हा मात्र हा शब्द मी उभ्या आयुष्यात उच्चारलेला नव्हता. आमच्या घरात त्या जागेला नावच नव्हतं. आई "इथं" म्हणायची आणि हात हवेत फिरवायची. मीही तेच शिकले. ज्याला नाव नाही त्याची तक्रार कोणत्या तोंडानं करायची?

मी काय केलं, तर कॉशन लावला. रुळात कुठं खराबी दिसली की रेल्वे लगेच गाड्या बंद करत नाही. ड्रायव्हरच्या हातात लेखी कागद देतात, की अमुक ठिकाणाहून अमुक ठिकाणापर्यंत हळू चालव. याला कॉशन म्हणतात. मग दुरुस्तीची गँग येते, काम करते आणि कॉशन उठतो. मी त्या कुशीवर झोपणं बंद केलं. पाण्याची बादली डाव्या हातानं उचलू लागले. गेटचं चाक फिरवताना जोर डाव्या हातावर घेऊ लागले. आणि वीस वर्षांच्या सवयीनं मनात धरून चालले की आता काळजी घेतली आहे, पुढचं काम होईल.

कोण करणार होतं ते काम? कॉशन लागण्याआधी कुणीतरी खबर द्यावी लागते. मी खबर दिलीच नव्हती. चार महिने मी माझी गाडी हळू चालवत गँगची वाट पाहत बसले आणि गँगला पत्ताच नव्हता. ही चूक रेल्वेवालीच करू जाणे.

शेवटी खबर दिली ती नवऱ्यानं. दिलीप दर्यापूर ते अमरावती काळीपिवळी जीप चालवतो. बोलणं कमी, नजर सगळीकडे. धुणं पिळताना त्यानं विचारलं, "डाव्या हातानं काहून पिळून राहिली?"

"उजवा दुखते."

"हात दुखते का आणखी काही?"

मी "इथं" म्हणाले आणि हात हवेत फिरवला. त्यानं पिळे माझ्या हातातून घेतले आणि स्वतः वाळत घातले. दुसऱ्या दिवशी त्यानं जीप लावली नाही.

रिपोर्टचा दिवस

अकोल्याच्या दवाखान्यात सर्जन मॅडम होत्या. वयानं माझ्याहून लहान, चष्मा कपाळावर, बोलणं भरभर. पहिल्या भेटीत त्यांनी विचारलं की गाठ कधीपासून आहे. मी म्हटलं, "चार महिन्यांपासून कॉशनवर आहे." त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणजे समोरच्याला न कळणाऱ्या भाषेत बोलण्याची सुरुवात मीच केली होती, हे कबूल करून टाकते.

सुईनं तुकडा काढला, तपासायला पाठवला. रिपोर्टच्या दिवशी माझा थोरला भाऊ अरुण सोबत आला. त्याचं दर्यापूरला मेडिकल स्टोअर आहे. औषधाच्या दुकानात जन्म घालवल्यामुळे डॉक्टरांचे शब्द त्याच्या तोंडात पक्के बसलेले. केबिनमध्ये तो पुढच्या खुर्चीवर बसला, मी आणि दिलीप मागच्या बाकावर. मॅडमनी कागद उघडला आणि दोघांचं सुरू झालं. ग्रेड, नोड्स, मार्जिन, एमआरएम, अडज्युव्हंट. मी दोघांच्या तोंडाकडे बघत होते. गेटवर दोन ट्रकवाले माझ्या डोक्यावरून पंजाबीत भांडतात, तेव्हा मी अशीच उभी असते. फक्त तेव्हा ट्रक माझा नसतो.

मग अरुण आवाज खाली करून म्हणाला, "सीए कन्फर्म हाय न मॅडम? पेशंटले मी सांगतो हळूहळू."

अरुण एक गोष्ट विसरला होता. सीए म्हणजे कॅन्सर, हे मला त्यानंच शिकवलं होतं, नऊ वर्षांपूर्वी, आईच्या फाइलवर बोट ठेवून.

बाहेर आल्यावर तो हसला. इतकं वाईट हसणं मी त्याच्या चेहऱ्यावर कधी पाहिलं नव्हतं. "काई नाई वने, साधी गाठ हाय. काढून टाकू. अथी सही कर." फॉर्म इंग्रजीत होता. सहीच्या जागी त्यानं पेन्सिलनं फुली करून ठेवली होती.

मला मरायचं नव्हतं, एवढं एकच वाक्य डोक्यात फिरत होतं. आणि त्याच्या खालून राग वर येत होता. तो राग आला नसता तर मी त्या बाकावरच बसून राहिले असते, म्हणून आजही मी त्या रागाची आभारी आहे.

मी फॉर्म घेतला आणि परत केबिनमध्ये गेले. आत दुसरा पेशंट होता. मी दारातच उभी राहिले. तो निघाल्यावर मॅडम म्हणाल्या, "तुमच्या भावाशी बोलणं झालंय माझं."

"झालं असंल. गाठ भावाले नाई, मले हाय."

अरुण मागून आला, "वने, चाल बाहेर," म्हणाला. मी खुर्चीवर बसले. पुढच्या.

"मॅडम, मी गेटवर काम करते. मले कोनी काही सांगतलं तर मी ते परत म्हणून दाखवते. ते बरोबर असलं तरच गाडी सुटते. मले कॅन्सर हाय, हे मले समजलं. आता तुमी काय करणार ते मराठीत सांगा. मी परत म्हणून दाखवीन. चुकलं तर सांगजा. मंग सही."

मॅडमनी अरुणकडे पाहिलं. मग चष्मा डोळ्यांवर घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. "बरं," त्या म्हणाल्या. "स्तनाचा कॅन्सर आहे. वाढलाय, पण लांब पसरलेला दिसत नाही. उजवा स्तन पूर्ण काढावा लागेल. काखेतल्या गाठी काढू. त्यानंतर सलाइनमधून औषधं, तीन-तीन आठवड्यांनी, सहा वेळा."

मी म्हणून दाखवलं, "कॅन्सर हाय. लांब नाई गेला. उजवा स्तन काढणार. मंग सहा वेळा सलाइन."

"काखेतल्या गाठी राहिल्या."

"त्या कायले काढता?"

"तिथं पोचलाय तो. त्या काढल्या की हात काही महिने जड राहतो. वर न्यायला त्रास होतो."

इथं माझं सगळं काळीज हाताशी आलं. बाई म्हणून काय जाणार, याचं दुःख नंतर झालं, भरपूर झालं. पण त्या क्षणी डोळ्यांपुढे ते हँडल आलं.

"मले गेटचं चाक फिरवता येईन का?"

"शोल्डरची मूव्हमेंट बऱ्यापैकी रिकव्हर होते..."

"चाक, मॅडम."

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "ते चाक मी बघितलेलं नाही. किती उंचीवर असतं, किती जोर लागतो, ते सांगा मला."

मी उभी राहून करून दाखवलं. कमरेपासून खांद्याच्या वरपर्यंत आणि परत खाली, बावीस फेरे. मॅडमनी पेनानं कागदावर ते चक्र काढून घेतलं आणि तो कागद माझ्या फाइलला लावला. "माहीत नाही" म्हणणारा डॉक्टर मला त्या दिवशी पहिल्यांदा भेटला आणि माझा विश्वास बसला तो त्याच शब्दावर. मी सही केली. अरुणच्या फुलीवर नाही, तिच्या शेजारी.

परतताना आम्ही बडनेऱ्याची गाडी पकडली. मूर्तिजापूरच्या पुढे माझं गेट लागतं. खिडकीतून दिसलं, बंद होतं, माझ्या जागी असलेला रफिक हिरवी झेंडी धरून उभा होता. मी संडासात जाऊन रडले. बाहेर दिलीप दाराला टेकून उभा होता, कुणी दार वाजवू नये म्हणून.

अडतीस

ऑपरेशनच्या टेबलवर गार लागत होतं. हिरवे कपडे घातलेली माणसं आपापसात त्यांच्या भाषेत बोलत होती आणि कुणाच्या तरी लग्नातल्या जेवणाविषयीही. मॅडम माझ्या तोंडाशी वाकल्या.

"वनिताबाई, आज काय करणार आहोत?"

मी सांगितलं. कोणती बाजू, काय काढणार, काखेतलंसुद्धा.

"बरोबर. आता माझा नंबर घ्या. तीन-आठ, अडतीस."

प्रायव्हेट नंबराची गोष्ट मी त्यांना आदल्या दिवशी सांगितली होती. त्यांच्याकडे कसला आला छापील कागद, मनानंच सांगितला असणार. माझ्या हाताला सुई होती, लिहून घेता येत नव्हतं. "तीन-आठ, अडतीस," एवढं परत म्हटलं आणि माझी शुद्ध गेली. शुद्धीवर आले तेव्हा पहिला शब्द अडतीस निघाला म्हणतात. दिलीपला वाटलं, बाई बरळते आहे.

तिसऱ्या दिवशी पट्टी बदलताना मी खाली पाहिलं. लिहायला बसले आहे तर खोटं कशाला लिहू, मला ओरडावंसं वाटलं. सपाट जागा, आडवी शिवण आणि बाजूला लटकणारी नळी. "हेल्दी वूंड," सिस्टर म्हणाली. तिच्या भाषेत ती चांगली बातमी होती. माझ्याकडे त्यासाठी अजूनही शब्द नाही, आणि मी शोधतही नाही.

वॉर्डाची बोली

केमो सुरू झाल्यावर कळलं की दवाखान्यात एक नाही, तीन-चार भाषा चालतात. डॉक्टरांची एक. सिस्टरांची दुसरी, त्यात माणसं नसतात, बेड असतात: "सहाचं संपलं, नऊला उलटी." ऑफिसच्या खिडकीवरची तिसरी, तिथं मी खर्चाची एक मंजुरी होते. आणि चौथी आम्हा बायांची. आमच्यात औषधाला लाल पाणी म्हणायचे. रक्ततपासणी चांगली आली की "काउंट बसला" आणि नाही आली की "घरी पाठवली". मेली असं कुणाविषयी कुणी म्हणत नसे. "तिचा बेड बदलला" म्हणत. ही भाषा कुणी शिकवली नाही, आठ दिवसांत सगळ्यांना येते.

शेजारच्या बेडवर कमलबाई होती, दर्यापूरकडची माळीण. शेवंती आणि झेंडूच्या वावरात जन्म गेलेला. ती यातली कोणतीच भाषा वापरत नसे. सलाइन लागलं की वावराला पाणी सोडल्यागत म्हणायची, "चाला, माह्यं ओलीत सुरू झालं." केस गळाले तेव्हा उशीवरचे केस गोळा करत म्हणाली, "शेंडे खुडल्याबिगर झेंडू फुटत नाई बाई, मी का आज पाहून राहिली का?" मी तिच्यासमोर माझा रुमाल सोडला. तोपर्यंत मी टक्कल नवऱ्यालाही दाखवलं नव्हतं.

परत म्हणून दाखवायची माझी सवय तिनं उचलली. डॉक्टर राउंडला आले, दोन शब्द टाकले आणि निघाले की ती मोठ्यानं म्हणायची, "ओ साहेब, थांबा न. म्हणून दाखवतो मी." मग तिसरी म्हणू लागली, मग चौथी. राउंडला दुप्पट वेळ लागू लागला. मोठ्या सिस्टर माझ्यावर उखडल्या, "तुमच्या गेटसारखं नाही चालत इथं."

पुढच्याच आठवड्यात एक नवी सिस्टर बीपी घ्यायला आली आणि पट्टा माझ्या उजव्या हाताला गुंडाळू लागली. काखेतल्या गाठी काढलेल्या हाताला पट्टा नको, सुई नको, हात सुजतो, हे मला मॅडमनी सांगितलं होतं आणि मी म्हणून दाखवलं होतं. फाइलमध्येही होतं, पण फाइल कुठंतरी दुसरीकडे होती. मी हात ओढून घेतला. मला डुलकी लागलेली, तोंडातून निघालं, "ही लाइन ब्लॉक आहे." ती पोरगी गोंधळली. कमलबाई शेजारून म्हणाली, "त्या हाताले नाई लावत बाई. दुसरा घे." मोठ्या सिस्टरनी ऐकलं. संध्याकाळी त्यांनी पांढऱ्या चिकटपट्टीवर जाड पेनानं "हा हात नको" असं मराठीत लिहिलं आणि माझ्या मनगटाला लावलं. दुसऱ्या दिवशी तशा हाताच्या सगळ्या बायांना पट्ट्या लागल्या.

आईला काय सांगितलं होतं

नातेवाइकांची भाषा सगळ्यांत अवघड. "पॉझिटिव्ह राहा" म्हणणारे. मोबाइलवर गव्हांकुराचा रस पाठवणारे. एक मामी भेटायला आली, पदर डोळ्याला लावून म्हणाली, मागल्या जन्मी काय केलं असशील बाई. मी म्हटलं, "मामी, त्याची तपासणी अकोल्यात नाई होत." ती चहा न घेता गेली. दिलीप दुसऱ्या खोलीत जाऊन हसला.

अरुण मात्र आलाच नाही. रिपोर्टच्या दिवसानंतर दोन-अडीच महिने नाही, फोनही नाही. आला तो दुसऱ्या सलाइननंतर. मी खाटेवर पडून होते, तोंडात फोड आले होते. तो उभ्यानंच बोलला.

"त्या डॉक्टरीनसमोर तू माही इज्जत काढली. मी कोनासाठी करून राहिल्तो? तुह्यासाठीच न?"

"मालूम हाय."

"आईले नाई सांगतलं आपण. शेवटपर्यंत हसत होती ती. तुले वाटते, सांगतलं असतं तर बरं झालं असतं?"

मला बोलायला त्रास होत होता. तरी बोलले. "हसत नव्हती ती. तिनं मले इचारलं होतं, अरुणभाऊ. तू औषध आणाले गेल्ता. म्हणे, वने, मले काय झालं व? मी म्हटलं, अल्सर हाय आई. ती म्हणे, बरं. आन् भिंतीकडं तोंड केलं. त्याच्यानंतर तिनं मले काहीच इचारलं नाई. जेवली का, एवढंही नाई."

अरुणला हे माहीत नव्हतं. नऊ वर्षं मी ते कुणालाच सांगितलं नव्हतं. आई एकटी मेली. आम्ही सगळे खाटेभोवती बसलेलो असताना एकटी मेली, कारण तिला जे कळलं होतं ते बोलायला आम्ही कुणी जागाच ठेवली नव्हती. माझ्याशी कुणी तसं वागू नये, म्हणून मी त्या केबिनमध्ये परत गेले होते.

अरुण खाली बसला. मग माझ्या गोळ्यांची पिशवी ओढून घेतली आणि प्रत्येक डबीवर मराठीत लिहू लागला: उलटीची, तापाची, तोंडाच्या फोडांची. औषधवाल्यांचं अक्षर कुणाला लागत नाही, पण त्या दिवशी त्यानं शाळेतल्या पोरासारखं गोल अक्षर काढलं. लिहून झाल्यावर म्हणाला, "म्हणून दाखव." मी म्हणून दाखवलं. एका ठिकाणी चुकले, त्यानं दुरुस्त केलं.

स्टिअरिंग

फिजिओथेरपीवाल्या डॉक्टरनं सांगितलं होतं, भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा. रोज कोळशानं खूण करायची. पहिल्या दिवशी खूण माझ्या खांद्याच्या खाली होती. दहा दिवसांनी चार बोटं वर. रडत रडत चार बोटं.

"भिंतीनं नाई जमत हिचं," दिलीप त्याच्या जीपवाल्या मित्राला फोनवर सांगत होता, "हिले चाक पायजे." दोघांनी भंगारातून एका जुन्या जीपचं स्टिअरिंग आणलं आणि क्वार्टरच्या अंगणातल्या भिंतीवर गेटच्या उंचीला बसवलं. फिरवायला जड जावं म्हणून मागं ट्यूबचे पट्टे आवळले. मग तो खुर्ची टाकून बसायचा आणि मला त्याच्या भाषेत शिकवायचा. "झटका नको मारू. दाबत ने. हा, आता सोड. टाइट हाय म्हणून घाबरू नको, चालवलं की फ्री होते." लग्नाला बावीस वर्षं झाली, इतकं बोलणं त्यानं एकूणही केलं नसेल.

पहिल्या दिवशी अर्धा फेरा झाला. सहाव्या सलाइनच्या वेळी चार. सलाइन संपून दोन महिने झाले तेव्हा अकरा. मी ते भिंतीवर लिहीत गेले.

अनफिट

मग रेल्वेची मेडिकल तपासणी आली. ज्या भाषेत मी वीस वर्षं नोकरी केली, तीच भाषा माझ्यावर उलटली. रेल्वेचे डॉक्टर फाइल चाळून म्हणाले, "गेटसाठी अनफिट. डीकॅटेगराइज करून अल्टरनेट पोस्ट देऊ." ऑफिसमधल्या बाबूनं त्याचं भाषांतर केलं, "हलकं काम, ताई. टेबलवर बसायचं. फायली इकडून तिकडं. तुमच्या भल्याचंच हाय."

माझ्या भल्याचं. अरुणचं वाक्य. आईच्या वेळचं माझंही तेच वाक्य. ऐकलं आणि डोकं सणकलं. टेबलवर बसणं वाईट नाही. ज्यांचा हात खरंच वर जात नाही, त्यांच्यासाठी ती सोय आहे आणि ती घेण्यात काही कमीपणा नाही. पण माझा हात किती वर जातो, हे त्या खोलीत कुणी बघितलंच नव्हतं. फाइलच वाचली होती.

"साहेब," मी म्हटलं, "अनफिट कायच्यासाठी, ते मराठीत लिहून द्या. चाक फिरत नाई, का पळता येत नाई, का झेंडी दिसत नाई? एक सांगा. मी म्हणून दाखवीन."

"बाई, रिस्क आहे."

"कोणती?"

त्यांनी पुन्हा फाइल चाळली. चांगले गृहस्थ होते, आवाज चढवला नाही. मी विचारलं, "साहेब, तुमी गेटचं चाक फिरवलं का कधी?"

नव्हतं फिरवलं. मी सर्जन मॅडमनी काढलेलं ते चक्र फाइलमधून बाहेर काढलं, घड्या पडून मळलेलं, आणि त्यांच्या टेबलवर ठेवलं. "याची परीक्षा घ्या. नाई जमलं तर मी स्वतः टेबलवर जाऊन बसते."

त्यांनी तो कागद बराच वेळ पाहिला. मग सहीच्या जागी सही केली नाही. लिहिलं, प्रत्यक्ष गेटवर चाचणी घ्यावी.

गेट

सकाळी अकराची वेळ होती. इन्स्पेक्टर साहेब वही घेऊन आले. रफिक ड्यूटीवर होता, तो बाजूला झाला आणि खोलीतली माझी जुनी खुर्ची फडक्यानं पुसली. दिलीपनं जीप रस्त्याच्या कडेला लावली, खाली उतरला नाही.

फोन वाजला. मास्तरांचा आवाज मी वर्षभरानं ऐकला. "मालगाडी. गेट बंद करा." मी वाक्य परत म्हटलं.

हँडल धरलं. पहिले दहा फेरे अंगणातल्या स्टिअरिंगसारखेच गेले. बाराव्याला काखेतून कोपरापर्यंत आग सुरू झाली. चौदाव्याला एक मोटारसायकलवाला दांड्याखालून डोकं घालू लागला. "ओ भाऊ, डोकं मागं घ्या," मी म्हटलं, "माही परीक्षा चालू हाय." त्यानं घेतलं. अठरा. एकोणीस. डावा हात आपोआप मदतीला येत होता, तो मी मागं कमरेवर नेऊन ठेवला. एकवीस. बावीस. दांडे बसले. मी कुलूप घातलं.

इन्स्पेक्टर जवळ आले. माझा घाम पाहून त्यांनी हळूच विचारलं, "दुखून राहिलं का, बाई?"

"दुखते," मी म्हटलं. "पण गेट बंद हाय."

फोन उचलला. रफिकनं नंबरांचा कागद पुढे धरला. "गेट बंद. प्रायव्हेट नंबर सहा-दोन, बासष्ट."

पलीकडून मास्तर म्हणाले, "सहा-दोन, बासष्ट." आणि जे नियमात नाही ते म्हणाले, "या, वनिताबाई."

मी बासष्ट खोडला. हिरवी झेंडी घेतली, उजव्या हातात, आणि रुळाकडे तोंड करून उभी राहिले. सिग्नल झाला. मालगाडी लांबलचक होती, डबे संपता संपत नव्हते. गार्डाचा डबा पुढून जाईपर्यंत मी हात खाली घेतला नाही.